पुस्तकं आणि कोट मिळाल्याची पोच

प्रिय मुद्देसूद यास,

सप्रेम नमस्कार. तुझी प्रकृती उत्तम आहे, अशी आपल्या ग्रंथपालांकडून खात्री करून घेऊनच लिहायला बसलो आहे. वहिनींना नमस्कार सांग. इकडे सगळं ठीक. दुखरा गुडघा आणि वकील संघाचं अध्यक्षपद, दोन्ही अजून माझ्याकडेच आहेत. (नऊ वर्षांनी लिहितोय, तेव्हा पत्र लांबेल. आपल्या सीनियरांनी तुझं नाव मुद्देसूद आणि माझं पाल्हाळ उगाच नव्हतं ठेवलं.)

तर मागच्या सोमवारी बाररूमच्या दाराशी एक टेम्पो थांबला. त्यातून तुझी चौदा खोकी पुस्तकं उतरली आणि सगळ्यांत वर नीट घडी घातलेला तुझा काळा कोट. सोबत चिठ्ठीचपाटी काही नाही. आता तूच सांग, वकिलाची पुस्तकं संघाच्या लायब्ररीत कधी येतात? चाळीस वर्षांत जेवढी आली, तेवढी त्या त्या वकिलाच्या बायकोने नाहीतर मुलांनी पाठवलेली. जिवंत वकील एक पुस्तक वाचायला देतानासुद्धा तीनदा विचार करतो. त्यात वर कोट. ग्रंथपालांनी चष्मा काढून डोळे पुसले आणि बाकीच्यांनी माझ्याकडे पाहिलं, कारण शोकसभा बोलावणं हे अध्यक्षाचं काम.

घरी फोन करून विचारायला हवं होतं, कबूल. जन्मभर साक्षीदारांना 'स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलंत का' विचारून घाम फोडला, आणि स्वतः एका कोटावरून निकाल देऊन मोकळा झालो. पण ज्या घरात नऊ वर्षं पाऊल टाकलं नाही, तिथे वहिनींशी काय बोलणार होतो? घरच्यांना मी जातीने भेटतो, तुम्ही कुणी त्रास देऊ नका, असं सांगून बाकीच्यांनाही थांबवलं. आणि मी काही गेलो नाही. धीरच झाला नाही.

शोकसभा चांगली झाली. (राग मानू नकोस, पण गर्दी भरपूर होती. अर्धा दिवस कामकाज बंद, हेही त्याचं एक कारण.) मी तीन पानी भाषण लिहून नेलं होतं. तुझ्या नेहमीच्या खुर्चीच्या पाठीला कुणीतरी तो कोट अडकवला होता. त्याच्याकडे नजर गेली आणि मी कागद खिशात घातला. म्हणालो, "ज्या अपिलाने माझं नाव झालं, त्यातला मुद्दा माझा नव्हता. सुनावणीच्या आदल्या दिवशी यानेच तो मला लिहून दिला होता. माझ्या सत्कारात मी ते सांगितलं नाही, म्हणून हा उठून गेला. बरोबर केलं त्याने." एवढं बोलून खाली बसलो. माझं इतकं छोटं भाषण संघाने कधी ऐकलं नव्हतं.

तिसऱ्या दिवशी तू लायब्ररीत फोन करून, पुस्तकांची पोच अजून का आली नाही, असं विचारलंस. ग्रंथपालांनी मला हे उभ्याने सांगितलं, मग जे खाली बसले ते अर्धा तास उठलेच नाहीत. मला झालेला आनंद शब्दांत सांगता येत नाही (मला, म्हणजे बघ). आनंद जरा ओसरल्यावर मात्र लाज वाटली. तू ऐकायला नाहीस, अशी खात्री पटल्यावरच मला खरं बोलायला सुचलं.

तुझा,
पाल्हाळ

ता. क. येत्या शनिवारी चार वाजता सभा आहे. चिटणिसांचं म्हणणं, माणूस हयात असताना त्याचा शोकठराव इतिवृत्तात ठेवता येत नाही, रद्दच करावा लागेल. ठराव गेला की त्याबरोबर माझं भाषणही पुसलं जाईल. ते राहावं असं मला वाटतं, पण अध्यक्षाला त्यावर बोलता येत नाही. तू ये आणि हरकत घे. मुद्दा तुलाच सुचेल, आणि या वेळी तो तुझ्याच नावावर लिहिला जाईल.

आणखी एक. पुस्तकं मिळाली, ही त्याची पोच. कोट ठेवून घ्यायची लायब्ररीत सोय नाही. माझ्या शेजारच्या खुंटीला टांगला आहे.

आणि शेवटचं. पुस्तकं का पाठवलीस रे? वर प्रकृतीचं लिहिलं ते रीत म्हणून. आता खरंच विचारतो. बरा आहेस ना?