यंदाचा रंग

सिल्वासा, रविवार

प्रिय तेजू,

फोन सोडून ही बाई पत्र काय लिहीत बसली, म्हणशील. फोनवर तू मला बोलू देत नाहीस, हे एक कारण. दुसरं शेवटी सांगते. सध्या संग्रहालयात माझ्याविरुद्ध तक्रार आहे, नोकरीही जाऊ शकते, आणि तरी मी इतकी खुशीत आहे की नवरा विचारतो, बढती मिळाली की काय.

भानगड सुरंगी गावच्या मुखवट्याची आहे. तिथले कोकणा आदिवासी भवाड्याच्या उत्सवात देवांचे लाकडी मुखवटे घालून नाचतात. तिथल्याच नथूभाऊंच्या घरातला एक मुखवटा बऱ्याच वर्षांपूर्वी आमच्याकडे आला. मी रुजू झाले तेव्हा त्याच्या हनुवटीला वाळवी लागली होती, हात लावला की भुसा गळायचा. सुईने औषध सोडून सोडून मी ती सावरली. त्याच्या कानाच्या तुटक्या कडेला भिंग लावलं तर लाल, खाली पिवळा, खाली पुन्हा लाल, असे रंगाचे थर दिसतात. दरवर्षी नाचाआधी मुखवट्याला नवा रंग द्यायचा, अशी तिथली रीत. आमच्या कपाटात आल्यावर ती थांबली.

यंदा गावातला एक मुखवटा फुटला, म्हणून नथूभाऊ आपला मागायला आले. साहेब मुखवटा द्यायला तयार झाले, पण त्याला रंग लावायचा नाही म्हणाले. नथूभाऊंनी मला एवढंच विचारलं, बेन, जुन्या रंगात देव कसा येल? मग आपले मुंबईच्या प्रयोगशाळेतले दिवस आठवले. जे लावाल ते पुन्हा काढता आलं पाहिजे, हे सरांचं पालुपद, आणि त्यांच्या पाठीमागे तू करायचीस ती नक्कल. मी जुन्या रंगावर एक पातळ आवरण चढवलं. ते नंतर विरघळवलं की वरचा नवा रंग सोबत निघून येतो. परत आल्यावर नवा रंग उतरवीन, असं मी लिहून दिलं तेव्हा कुठे साहेबांनी होकार दिला. तेजू, त्या कामाचा मला फार अभिमान आहे. फुशारकी म्हण हवं तर.

भवाडा झाल्यावर नथूभाऊ आणि त्यांच्या पत्नी तानूबाई रिक्षातून मुखवटा घेऊन आले, जुन्या लुगड्यात गुंडाळून, मांडीवर धरून. गाल लालभडक, कपाळावर गुलाल, आतून घामाचा वास. एवढा नाचून आला, पण हनुवटीला चीरसुद्धा नाही. मी कापसाचा बोळा भिजवला आणि कानामागे थोडा रंग काढून पाहिला. सुरेख निघाला, खालचा जुना रंग जसाच्या तसा. आणि तिथेच माझा हात थांबला. खालचे सगळे थरही असेच कुणीतरी नाचाआधी दिलेले. ते जपायचे आणि हा तेवढा पुसायचा, हे मला पटेना. मी यंदाच्या रंगावरही आवरण चढवलं, पाटीवर लिहिलं, ‘शेवटचा रंग यंदाचा’, आणि मुखवटा दालनात मांडून टाकला. पुढे बघायला आलेल्या एकाने जुनी वस्तू रंगवून नासली म्हणून तक्रार केली. साहेब भडकले, आणि त्यांचं काही चुकलं नाही, शब्द मी मोडलाय. नवरा म्हणतो, एका दुपारचं काम आहे, उतरव रंग आणि हो मोकळी. मी उतरवलेला नाही.

आता दुसरं कारण. तपासणीसाठी तज्ज्ञ म्हणून तुझं नाव आलंय, हे मला कळलंय. मैत्रिणीची चौकशी नको म्हणून तू नाव काढून घ्यायला निघालीयस, हेही कळलंय. काढू नकोस. आपण मैत्रिणी आहोत हे वर कळव, हे पत्रही फायलीला लाव, आणि मग ये. येशील तेव्हा माझ्याकडे उतरू नकोस, चहासुद्धा घेऊ नकोस. भिंग घेऊन त्या कानापाशी बस. माझं चुकलं असं वाटलं तर तसं स्पष्ट लिही, मी तुझ्यासमोर रंग उतरवीन आणि भांडणारही नाही. पण दुसरं कुणी आलं तर त्याला नुसता ताजा रंग दिसेल, आणि दया आली तर तो मला सोडूनही देईल. मला सुटायचं नाही तेजू. आजवरचं माझं सगळ्यात चांगलं काम तुझ्या कडक नजरेखालून जायला हवंय.

तुझीच,
मृणाल