लाल दोऱ्याचे नऊ कंद

वाडी, नागपूर
तान्हा पोळा

प्रिय गोपिके,

पाकिटावरचं नाव वाचून तू हे पत्र आधी फडताळात टाकून देशील, हे मला ठाऊक आहे. निदान फाडू नकोस. फोन तर तू माझा घेतच नाहीस. प्रेमिलाच्या फोनवरून लावला तरी माझा खोकला ऐकून ठेवून देतेस. म्हणून लिहायला बसलो. एकतीस वर्षं हिंगण्याच्या कारखान्यात तपासणीच्या टेबलावर बसून मी पास आणि नापास एवढंच लिहीत आलो, चार ओळी सलग लिहायची मला सवय नाही. पण तू माझ्याशी बोलून दोन वर्षं होत आली आणि आता ते मला सोसत नाही. यंदाही राखीला हात रिकामा राहिला. गल्लीत कोणी विचारलं तर पोस्टात अडकली असेल म्हणून सांगितलं, आणि सांगता सांगता दोन दिवस माझा पोस्टमनवर खरोखरच संशय बसला होता.

हसू नकोस. माझा स्वभाव तुला नवा नाही. आई म्हणायची, "आमचा श्रीधर देवळातल्या प्रसादातही खडा शोधते." त्यात नोकरी मिळाली ती अशी. समोर आलेला प्रत्येक नग खराबच आहे असं धरून चालायचं, आणि तो चांगला निघाला तर नाइलाजाने पुढे सोडायचा. खराब निघाला की त्याला लाल रंगाचा फटकारा, नाहीतर लाल पट्टी, आणि थेट भंगारात. रिटायर झालो तेव्हा साहेबांनी भाषणात कौतुक केलं की श्रीधररावांच्या नजरेतून काही सुटत नाही. प्रेमिला मागे बसली होती. घरी येताना म्हणाली, "तुमाले सपनातही चोरच दिसते, हे त्यायले कोणी सांगितलं नाही वाटते."

आता मूळ गोष्टीवर येतो. आई जाऊन चार वर्षं झाली. तेराव्यानंतर मी तुझ्यापुढे हक्कसोडाचा कागद ठेवला. तू वाचलासुद्धा नाहीस, सही केलीस, चष्मा पुसलास आणि म्हणालीस, "भाऊ, आईच्या कुंपणातले काटवलाचे कंद मात्र मी नेतो." खरं म्हणजे मी भांडणाची पूर्ण तयारी करून आलो होतो. वकिलाला काय विचारायचं तेही कागदावर लिहून आणलं होतं. तू भांडली असतीस तर बरं झालं असतं, मला झोप आली असती. जिनं वावरातला वाटा एका शब्दाविना सोडला ती कुंपणातल्या रानभाजीचे कंद कशाला मागते, हा किडा माझ्या डोक्यात शिरला तो शिरलाच. चोराच्या मनात चांदणं म्हणतात ते हेच. तुझा वाटा मी घेतला होता आणि वर तूच काहीतरी घेऊन चाललीस असं मला वाटत होतं.

मग दुसऱ्या उन्हाळ्यात तुझे रुपराव ओल्या पोत्यात गुंडाळून नऊ कंद घेऊन आले. "तिनं धाडले. सारे फळाचे हायेत म्हणे," एवढंच बोलले, चहा घेतला आणि गेले. मी पोतं उलगडलं. प्रत्येक कंदाला लाल दोरा बांधलेला होता. गोपे, माझ्या जागी दुसरा कोणी असता तर त्याला लाल दोऱ्यात हळदीकुंकू दिसलं असतं, सण दिसला असता. मला दिसलं भंगार. न विचारता कोणी माल चांगला म्हणून सांगितला की तो आधी उघडून पाहायचा हा माझा जुना नियम, आणि इथे तर वर लाल खूणही होती. मी प्रेमिलाला तेव्हाच म्हणालो की बघ, छाटून उरलेले आपल्याला पाठवले. ती म्हणाली, "फोन करून इचारा ना मंग." मी विचारलं नाही.

तरी लावले. मागच्या कुंपणाच्या जाळीवर वेली अशा चढल्या की मी रोज सकाळी चहाचा कप घेऊन पाहायला जायचो. फुलं आली, पिवळी, दिवेलागणीला उमलणारी. फुलामागे मुगाएवढं काटेरी बोंड. मी वही काढली आणि मोजायला लागलो. एका सकाळी बावीस बोंडं, तिसऱ्या दिवशी चौदा, पाचव्या दिवशी एकही नाही. पिवळी पडून गळून जायची. पण माझा विश्वास त्या गळण्यावर बसेना, मला वाटे कोणीतरी तोडतं. आधी पलीकडच्या गोदामात थांबणारे ट्रकवाले, मग समोरच्यांची बकरी. दोन संध्याकाळी खुर्ची टाकून पहारा दिला, डास चावून घेतले. बकरी आली आणि झेंडू खाऊन गेली, काटवलाला तिने तोंडही लावलं नाही. तेव्हा माझ्या यादीत एकच नाव उरलं, तुझं.

त्याच हिवाळ्यात सावनेरला रुपरावांच्या पुतण्याचा साखरपुडा होता. तू पंगतीत वरण वाढत होतीस. कोणीतरी सहज विचारलं की भाऊ, आईची काटवलं कशी आहेत, आणि मी चांगला मोठ्या आवाजात बोललो की गोपिकेनं मले वांझ कंद धाडले, वरून लाल दोरा बांधून. तुझ्या लग्नाला तेवीस वर्षं झाली होती, आणि त्या शब्दापायी तू कोणकोणत्या दारांत गेलीस, किती डॉक्टर, किती नवस, किती बायकांच्या ओट्या भरताना मागे उभी राहिलीस, हे त्या पंगतीत माझ्याइतकं कोणाला ठाऊक नव्हतं. तू वरणाचं भांडं खाली ठेवलंस आणि आत गेलीस. मी स्वतःला आजवर सांगत आलो की मी वेलींबद्दल बोललो. खोटं आहे ते. वाईट, नासके, कुजके असे पन्नास शब्द होते. मी तोच निवडून काढला, कारण तो लागणार होता. मला त्याची लाज वाटते.

त्यानंतरच्या वर्षीही तेच झालं, फुलं आली आणि बोंडं गळाली. यंदा जूनमध्ये वरची खोली एका मुलीला भाड्याने दिली. गुंजन तिचं नाव, कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकते. संध्याकाळी ती वही घेऊन आमच्या कुंपणापाशी उभी राहायला लागली. वही घेऊन उभं राहणाऱ्या माणसावर माझा जितका संशय तितका कोणावरच नाही. एक दिवस पकडलंच तिला, फूल हातात होतं. म्हटलं, ही बोंडं तूच तोडतेस काय? ती घाबरली नाही. म्हणाली, "काका, ह्या साऱ्या मादी वेली आहेत. नर कुठंय?"

मग तिने ओट्यावर बसून मला शाळेतल्या पोरासारखं शिकवलं. भोपळ्याच्या एकाच वेलीवर नर आणि मादी दोन्ही फुलं येतात. काटवलाचं तसं नाही, पपईसारखं आहे, नर वेल वेगळी आणि मादी वेल वेगळी. ज्या फुलामागे ते काटेरी बोंड असतं ते मादीचं. नराच्या फुलामागे नुसता देठ, आणि देठावर पानाची टोपी घातल्यासारखं काहीतरी. नराचे परागकण संध्याकाळी पाखरं मादीच्या फुलावर नेतात तेव्हा बोंड धरतं, नाहीतर चार दिवस वाट पाहून गळतं. ती म्हणाली, बी पेरलं असतं तर काही नर, काही मादी आले असते आणि फुलं येईपर्यंत कळलं नसतं. पण कंदातून जशीच्या तशी आईच उगवते, मादीच्या कंदातून मादीच. आणि आमच्या वाडीत, गोदामं आणि ट्रकच्या धुळीत, नर काटवल कुठून येणार? "वेल चांगली आहे काका, तिला पराग मिळत नाही एवढंच. तुम्हाला ज्यांनी कंद दिले त्यांनी फळं येणाऱ्या वेली हेरूनच दिले असतील," असं ती म्हणाली आणि भाजी फोडणीला टाकायला वर निघून गेली.

मी ओट्यावरच बसून राहिलो. हेरून म्हणजे कसं? वेल वाळल्यावर जमिनीतला कंद कोणता कशाचा ते ओळखू येत नाही. तेव्हा वेल हिरवी असतानाच, भर भाद्रपदात, जिला फळं लागली तिच्या बुडाशी तू दोरा बांधत फिरली असशील, वाकून, एकेक वेल उलगडत. आणि हिवाळ्यात दोरा पाहूनच खणलं असशील. मी जिला भंगाराची खूण म्हटलं ती तुझी निवड होती. आपली आई त्या बिनफळाच्या वेलीला हात लावू द्यायची नाही, आठवतं तुला? मी उपटायला निघालो की ओरडायची, "राहू दे त्याले, त्याचं काम तो करून राहिला." आपण हसायचो. तुलाही तेव्हा कळलं नाही आणि मलाही नाही. आईने आपल्याला कधी समजावून सांगितलं नाही, नुसतं ओरडून काम भागवलं.

गुंजनने उपाय सांगितला होता. उमलायला आलेल्या नराच्या कळ्या दुपारी तोडायच्या, ओल्या रुमालात ठेवायच्या, संध्याकाळी उमलल्या की मादीच्या फुलाला हलकेच टेकवायच्या. मी तसं केलं. माझ्या जाड बोटांत ती नाजूक फुलं पाहून प्रेमिला पदर तोंडाला लावून हसत होती. कळ्या कुठून आणल्या ते पुढे सांगतो. दहा दिवसांत सतरा बोंडं वाढली, हिरवीगार, लवलवत्या काट्यांची. त्यातली काही आता तोडणीला आली आहेत. मी एकही तोडलं नाही. प्रेमिला रोज विळी काढते आणि मी रोज उद्या म्हणतो.

गोपे, गुंजनने सांगितल्याच्या दुसऱ्या दिवशी दुपारी मी तुझ्याकडे निघालो. मोटरसायकल काढली आणि थेट आलो. वाटेत तुझ्यापुढे काय बोलायचं ते चार वेळा म्हणून पाहिलं. मंगळवार होता, तुम्ही दोघं बाजाराला गेला होता, दाराला कुलूप. मला, खरं सांगतो, बरं वाटलं. मग परसातल्या कुंपणाशी गेलो. तुझ्या कुंपणावर सहा वेली आहेत. कळ्यांनी भरलेल्या. मी वाकून एकेक कळी पाहिली, उलटी करून पाहिली, तपासणीच्या टेबलावर पाहावी तशी. एकीच्याही मागे बोंड नव्हतं. सहाही नर. म्हणजे तुझ्याकडे फळाच्या जेवढ्या वेली होत्या, त्या सगळ्या तू मला दिल्यास. स्वतःला एकही ठेवली नाहीस. तीन पावसाळे तुझ्या कुंपणाला एक काटवल लागलेलं नाही, आणि साखरपुड्यात मी तुला वांझ कंद पाठवलेस म्हणालो तेव्हाही तू तोंडातून अवाक्षर काढलं नाहीस. मी तिथे उभ्याउभ्या रडलो. परसात एक कोंबडी होती, बाकी कोणी पाहिलं नाही.

आता हे पत्र आजच का लिहिलं ते. काल पोळ्याचा नैवेद्य आटोपला आणि रुपरावांचा प्रेमिलाला फोन आला. "वहिनी, आमच्या कुंपणातल्या कळ्या कोणतरी तोडून नेऊन राहिलं. तीन मंगळवार झाले. गोदूबाईचंच काम हाय, करणीसाठी नेते म्हणते सारं गाव." तू गोदूबाईशी बोलणं टाकलंस म्हणाले. तिच्या हातचं पाणी कोणी घेत नाही म्हणाले. जी बाई वीस वर्षं तुझ्याबरोबर निंदायला जाते, तुझ्या तापात जिने तुझं डोकं चेपलं, ती काल पोळ्याच्या दिवशी दार लावून घरात बसली होती म्हणाले. गोपे, करणी नाही, काही नाही. कळ्या मी तोडल्या. तिन्ही मंगळवारी मीच आलो होतो, तुम्ही बाजाराला गेलेल्या वेळी, कारण पहिल्या खेपेला कुलूप दिसलं आणि पुढच्या दोन्ही खेपांना मी कुलूप असेल तेव्हाच आलो. दर खेपेला माफी मागायची म्हणून निघायचो आणि रुमालात कळ्या बांधून चोरासारखा परत यायचो. पाहिलं नाहीस, विचारलं नाहीस, आणि एका माणसाला गुन्हेगार ठरवून मोकळी झालीस, अगदी माझ्यासारखी. आपण एका आईची लेकरं आहोत हे मला इतकं वाईट रीतीने कधी कळलं नव्हतं. माझ्याशी बोलायचं की नाही ते तू मग ठरव, मी वाट पाहीन. पण हे पत्र वाचून झालं की ते हातात घेऊन आधी गोदूबाईच्या दारी जा, आणि गाव ऐकेल असं तिच्या ओट्यावर उभं राहून मोठ्याने वाचून दाखव. तो साखरपुड्याचा परिच्छेदही गाळू नकोस.

तुझाच,
श्रीधरभाऊ