तिसऱ्या रांगेतलं हसू

किऊ, लंडन
१० मार्च १९९८

प्रिय लेन,

तुझ्या ‘प्लमबाईंचे भाडेकरू’ या विनोदी टीव्ही मालिकेचा एक भाग सापडला आहे. चित्र नाही, नुसता आवाज. आपल्या ध्वनिमुद्रक पर्सी हॉबडेची मुलगी ब्रिजेट हिने काल दुपारी फोन करून खात्री दिली. तिने पूर्ण अर्धा तास ऐकला आहे. पर्सी जानेवारीत गेला. त्याच्या माळ्यावर ख्रिसमसच्या सजावटीखाली ती टेप होती.

तू बरा असशील. व्हिटबीचा वारा गुडघ्यांना मानवतो का? सत्तावीस वर्षांनी पत्र लिहून माणूस गुडघ्यांची चौकशी करतो, हे तू एखाद्या भाडेकरूच्या तोंडी घातलं असतंस.

ब्रिजेट म्हणाली, “एक बाई सगळ्यांच्या आधी हसते, विनोद पुरा व्हायच्या आत. कोण हो ती?”

“लेखकाची बायको,” मी म्हणालो. मग दाराची घंटा वाजली, असं खोटंच सांगून फोन ठेवला.

दर रविवारी मुद्रणाला स्टुडिओत, प्रेक्षकांच्या तिसऱ्या रांगेत नोरा असायची. तू चिडायचास, “अगं, ओळ तरी संपू दे. घरी वाचून दाखवलं तेव्हा तुला हसू फुटलं नाही.”

“घरी तू वाचतोस, लेन. इथे नट आहेत.”

तिच्या डोक्यावर टांगलेल्या मायक्रोफोनचा आवाज मी पर्सीला वाढवायला लावायचो, हे तुला कधी सांगितलं नाही. ती हसली की मागून तीनशे माणसं हसायची. विनोदाची जाण असलेला निर्माता म्हणून माझं नाव झालं. जाण तिची होती.

नोरा वारल्यावर दोन आठवड्यांनी तू ऑफिसात माझ्या खोलीत आलास. ओला कोटही काढला नाहीस. “बर्नी, एकच भाग दे. माझे विनोद कापून टाक हवं तर.” मी बघतो म्हणालो. पुढच्या शुक्रवारी तुला सांगितलं की ऑफिसने सगळ्या टेपा पुसल्या, आपल्याला कोण विचारतं. तू माझ्याच पाठीवर हात ठेवलास. “जाऊ दे रे, तुझा काय दोष,” म्हणालास आणि मला बिअर पाजलीस.

लेन, तू आलास तेव्हा मालिकेच्या सातही भागांच्या टेपा जागेवर होत्या. पुसण्याचा फॉर्म माझ्या टेबलावर, चहाच्या कपाखाली होता. त्यात एकच प्रश्न असायचा: हा कार्यक्रम पुन्हा लागेल का? उत्तर निर्मात्याने द्यायचं. मला तेव्हा पहिलंच गंभीर नाटक मिळालं होतं, सात भागांचं. जुन्या टेपा पुसायला दिल्याशिवाय नव्या मुद्रणाला टेपा मिळणार नव्हत्या. तुझ्यासाठी एक ठेवली असती, तर माझं नाटक सहा भागांत आटपावं लागलं असतं. मी ‘नाही’ लिहिलं.

न वाचता सही केली, असं लिहून पाहिलं. तो कागद फाडला. मी वाचलं होतं.

नाटकाला बक्षीस मिळालं. लोक शेवटच्या, सातव्या भागाचं अजून कौतुक करतात. तो नोराच्या हसण्यावर मुद्रित झाला आहे. तुझे फोन घ्यायचं मी त्यानंतर बंद केलं. तुला वाटलं, बर्नी मोठा झाला.

ब्रिजेट गुरुवारी तीन वाजता टेप आणि यंत्र घेऊन तुझ्याकडे येईल. ती टेप आता तुझी. मी तिच्याबरोबर व्हिटबीपर्यंत येतोय, पण गाडीतच बसेन. मला आत बोलवायचं का, हे ती तुला एकदाच विचारेल. टेप ऐकून झाल्यावर, आधी नाही. तू नाही म्हणालास तर आम्ही निघू.

फॉर्मची नक्कल पाकिटात आहे. खाली पूर्ण नावाने सही करतो, त्यावर केली होती तशीच.

बर्नार्ड एडविन टॉलहर्स्ट
निर्माता