विहिरीतलं कासव आणि लग्नाचा लाईट

धावडा, मंगळवार संध्याकाळ

सगळे फोटो वाया गेले. पाणी साफ राहावं म्हणून बाबांनी विहिरीत सोडलेलं कासव अजून जिवंत आहे. दुपारी बुडी मारली तेव्हा हाताला लागलं आन् निसटलं. दादा म्हणतो, भास झाला तुला. त्याला तिथं गोदाम बांधायचंय, उद्या विहीर बुजवणार. "फोटू दाखव, मंग थांबवतो जेसीबी," म्हणला.

आन् मी काय केलं? मी लग्नाच्या शूटिंगला नेतो तो सगळ्यात मोठा लाईट कॅमेऱ्याच्या डोक्यावर बसवला. मांडवात तेच बराबर असतं. पाण्यात त्यानं समोर तरंगणारा गाळच उजळून टाकला. फोटोत जिकडं तिकडं पिंजलेला कापूस. लाईट लहान पाहिजे होता, कॅमेऱ्यापासून लांब, बाजूनं धरलेला. हे आत्ता सुचून राह्यलं! आता कॅमेऱ्याच्या वॉटरप्रूफ डब्यात पाणी शिरलंय, तो सुरूच होईना.

कार्ड काढून लॅपटॉपवर परत परत तेच फोटो बघून राह्यलो. कापूस, नुसता कापूस. कासव कुठंच न्हाई.

सकाळी जेसीबीच्या आधी मीच विहिरीत उतरतो. कासव न्हाई दिसलं तर न्हाई. मी तर दिसेन ना दादाला? माझ्या अंगावर तर माती टाकणार न्हाई तो.