कुलूप लागलंय ना?

द्वारका, सेक्टर बारा
रविवार, दुपारी

तीर्थरूप कुमुदताईस,

सुधन्वाचा साष्टांग नमस्कार, आणि त्यातला निम्मा भावोजींना. त्यांच्या गुडघ्याचं कसं काय? (मागच्या फोनवर तू "ठीक आहे" म्हणालीस, पण म्हणण्याआधी जरा थांबलीस. तेव्हापासून तो गुडघा माझ्या डोक्यातून जात नाही. खरं काय ते कळव.) इकडे आम्ही सगळे खुशाल आहोत, निदान पत्र लिहायला बसेपर्यंत तरी होतो. तू म्हणशील, घरात तीन-तीन फोन असताना ह्याला कागद-पेन कुठून सुचलं? तर माझा फोन घरच्या लॅपटॉपला जोडलेला आहे आणि लॅपटॉपवर आमची लेक कादंबरी सदानकदा बसलेली असते. तिच्यापासून लपवण्यासारखं मला काही लिहायचं आहे असं मुळीच नाही. पण कागद बरा.

तर विषय असा, की टेबलाच्या काचेखाली शाळेचा एक फॉर्म पडून आहे आणि पुढच्या सोमवारपर्यंत त्यावर माझी सही हवी आहे. माझ्या पाल्याला मे महिन्यात तीन आठवडे पुण्यातल्या एका वर्कशॉपमध्ये प्रत्यक्ष काम शिकायला, एकटीने प्रवास करून जाण्यास माझी हरकत नाही, असं त्यावर छापलं आहे. राहायचं तुझ्याकडेच, हे तुला कादंबरीने सांगितलंच असेल. पण एकटीने, ताई! अकरावीतली मुलगी! निजामुद्दीन स्टेशनला गाडीत बसायचं ते थेट पुण्याला उतरायचं! अठ्ठावीस वर्षं केंद्र सरकारात मी लोकांना "हरकत नाही"ची पत्रं देत आलो. पूल झाले, इमारती झाल्या, माझी हरकत नव्हती. ह्या एका कागदापुढे मात्र पेन उचलत नाही.

हे सगळं सुरू कसं झालं ते सांगतो, म्हणजे तू मला लगेच वेड्यात काढणार नाहीस. यंदापासून तिच्या शाळेत आठवड्यातले दोन दिवस पुस्तकं बंद. हाताने काहीतरी करायचं आणि त्यातून शिकायचं. (आपल्या वेळी कार्यानुभव होता. मी पायपुसणं विणलं होतं. म्हणजे आईने विणलं होतं, मी नाव घातलं होतं.) पालकांच्या मीटिंगमध्ये त्यांच्या वीणा मॅडम म्हणाल्या, मुलं घरातला एक खराखुरा प्रश्न शोधतील, तो मोजतील, त्यावर तोडगा बनवतील आणि सगळ्यांपुढे मांडतील. मी हात वर करून विचारलं, मार्क किती? म्हणाल्या, मार्क नाहीत. पुस्तक कुठलं? पुस्तक नाही. मग पालकांनी करायचं काय? तर म्हणाल्या, मध्ये पडायचं नाही. आता मला सांग, हे कसं जमायचं? मी त्याच संध्याकाळी घरातल्या अकरा समस्यांची यादी टाइप करून कादंबरीला दिली. पाण्याचा दाब, बाल्कनीतली कबुतरं, लिफ्टचा आवाज, सगळं प्राधान्यक्रमाने. ती "थँक्यू बाबा" म्हणाली आणि माझा प्रश्न मी ऑलरेडी निवडलाय, म्हणाली. कुठला? तर ते सांगायचं नसतं. दोन महिने मी ह्या चिंतेत, की पोरीचं काही होत नाहीये, ती नुसती वहीत काहीतरी खरडते, बाकीच्यांची मुलं पुढे निघून जाणार.

आणि मग तो शनिवार उजाडला. कादंबरी शाळेत, तुझी भावजय रेवती बाजारात, मी घरी एकटा. बूट चपलांच्या कपाटामागे पडला म्हणून वाकलो, तर दाराच्या चौकटीला आतून काडेपेटीएवढी काळी डबी चिकटवलेली! दोन वायरी! आणि लाल दिवा, लुकलुकणारा! ताई, मी बूट तिथेच सोडला. रेवतीला फोन केला, ती उचलेना. (भाजीवाल्याशी बोलताना ती देवाचाही फोन उचलत नाही.) मग जे कोणीही जबाबदार नागरिक करेल तेच मी केलं. फोटो काढून सोसायटीच्या ग्रुपवर टाकला, "संशयास्पद वस्तू, कृपया घाबरू नये." दहा मिनिटांत अख्खा टॉवर खाली. चौथ्या मजल्यावरच्या कपूरबाई गाजराच्या लोणच्याची बरणी कवटाळून उतरल्या, सेक्रेटरी खुराना अर्ध्या दाढीला साबण लावून आले. तिसऱ्या मजल्यावर एक निवृत्त विंग कमांडर राहतात. त्यांनी सगळ्यांना मागे हटवलं, वर जाऊन लाटण्याने डबी उचकटली, बादलीत बुडवली आणि बादली खाली आणली. लाटणं आमचं, बादलीही आमची. सगळ्यांनी माझ्या प्रसंगावधानाचं कौतुक केलं, खुरानासाहेबांनी तर पाठ थोपटली. मी खोटं कशाला बोलू, मला बरं वाटलं.

तेवढ्यात कादंबरी गेटमधून आत आली. बादलीत डोकावली. ओरडेल, रडेल असं वाटलं, पण काहीच नाही. नुसती म्हणाली, "बाबा, हे मी बनवलं होतं यार." आणि वर निघून गेली. सादरीकरण बुधवारी होतं.

पुढचे चार दिवस मी काय केलं ते विचारू नकोस. ती डबी तांदळात पुरून ठेवली. (कोणीतरी सांगितलं की तांदूळ ओल शोषतो. शोषली असेलही, दिवा काही लागला नाही.) मग शाळेची तयार मॉडेलं विकणाऱ्या एका दुकानात गेलो आणि थर्माकोलचं घर आणलं, छतावर पाऊस, खाली टाकी, मागे बटण. ते मी हळूच तिच्या टेबलावर ठेवलं. तिने बटण दाबून बघितलं, बंद केलं, आणि माझ्याकडे असं बघितलं की मी ते घर परत पिशवीत घातलं. त्या डबीत काय होतं हे मी विचारलंही नाही, विचारायचं तोंडच राहिलं नव्हतं. रेवतीला सगळं आधीपासून माहीत होतं हे तेव्हा कळलं. मला का सांगितलं नाही, तर म्हणाली, तुम्हाला सांगितलं असतं तर तुम्ही नीट वागला असतात.

बुधवारी अर्धी रजा टाकून शाळेत गेलो. हॉलभर टेबलं मांडलेली. शेजारच्या टेबलावर आजीसाठी गोळ्यांचा वाजणारा डबा होता, तो वाजला की मी दचकायचो. कादंबरीच्या टेबलावर ती बुडालेली डबी, एक वही आणि मागे तक्ता. तक्त्यावर लिहिलेलं, "कुलूप लागलंय ना?" ताई, मी तिथेच खुर्चीत बसलो. तुला माहीतच आहे माझं. सकाळी सगळ्यांच्या शेवटी मी निघतो, कुलूप लावतो, ओढून बघतो, लिफ्टपर्यंत जातो, परत येऊन ओढतो. कधी गेटपासून परत येतो, एकदा तर मेट्रो स्टेशनच्या जिन्यावरून आलो होतो. ती डबी तेच मोजत होती. दार हललं की एक नोंद. एक्केचाळीस दिवस! दिवसाला सरासरी सहा. तिच्या युनिट टेस्टच्या दिवशी अकरा. मग एक रेघ एकदम वर चढलेली, तेवीस. तो दिवस मला ओळखू आला. त्या दिवशी ती पहिल्यांदा एकटी मेट्रोने मैत्रिणीकडे नोएडाला गेली होती आणि मी घराबाहेर पडलोच नव्हतो, नुसता दार उघडून लिफ्टकडे बघत होतो.

वीणा मॅडमनी विचारलं, मग तोडगा काय? कादंबरी म्हणाली, आधी वाटलं होतं कुलपावर हिरवा दिवा बसवावा. पण त्याने काही होणार नाही, बाबा दिवाही तपासतील. त्यांना कुलपाचं टेन्शन नाहीच आहे, माझं आहे. म्हणून आता मी थोडं थोडं लांब जाणार आणि दर वेळी परत येणार. आधी नोएडा, आता पुणे. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मी वाजवल्या की नाही आठवत नाही, चष्मा पुसत होतो. रडलो म्हण हवं तर.

तेव्हा मी ठरवलं आहे की सही करायची. पोरीने एवढी मेहनत केली, आपण तिच्या पायात पाय का घालायचा? मी आता बराच बदललो आहे. परवा तर कुलूप दोनदाच ओढलं. बाकी सर्व ठीक. भावोजींना जिने चढू देऊ नकोस.

तुझा,
सुधन्वा

ता.क. ताई, एक छोटंसं काम होतं. तू मला दोन ओळींचं पत्र लिहिशील का, की मे महिन्यात घराला रंग द्यायला काढलाय, सगळं सामान मधोमध आहे, पोरीची सोय व्हायची नाही? स्वतःच्या अक्षरात लिही, म्हणजे तिला शंका येणार नाही. फोन अजिबात नको. उद्याच्या स्पीड पोस्टने हे बुधवारी मिळेल, तुझं शनिवारपर्यंत इथे. मी हिशेब केला आहे.

ता.क. २. पाकीट चिकटवलं होतं, परत उघडलं. समजा रंगाचं जमलं नाही आणि ती आलीच, तर तुमच्या गच्चीचा कठडा किती उंच आहे ते मोजून कळव. बाथरूमची कडी आतून अडकते का तेही. आणि तिला उपवासाला चालणारी ती राजगिऱ्याची वडी आवडते, तिचं नाव तिला येत नाही, पण दाखवली की ओळखते.

ता.क. ३. आत्या, मी कादंबरी. बाबांनी मला पाकिटावरचा पिनकोड चेक करायला दिला. मी आतलं पण चेक केलं, त्यांच्यावरच गेले आहे ना. मग पत्र त्यांच्यासमोर ठेवलं. त्यांनी पेन मागितलं. फॉर्मवर एक सही लागते, त्यांनी तीन केल्या. घराला बिल्कुल रंग देऊ नकोस. आणि मला सोडायला फक्त स्टेशनपर्यंत येणार म्हणालेत, पण तरी तू गाद्या दोन घालून ठेव.