रुसलेल्या घोड्याची तळटीप

४ जून
सर म्हणाले, "पोथी कोणाकडे आहे, कितवं पान, पुढची बाजू की मागची, सगळं तळटीपेत हवं. आणि मालकाची सही. नाहीतर प्रबंधाचं प्रकरण माझ्याकडे आणूच नकोस." सोपं आहे म्हणे! सरांनी त्या दोघी बहिणींना पाहिलेलं नाही.

वडील गेल्यावर दोघींनी घोड्यांच्या औषधपाण्याची ही पोथी वाटून घेतली. कशी? पत्ते वाटतात तशी! एक पान थोरलीला, एक धाकटीला. तेव्हापासून अबोला. घरं समोरासमोर. माझं वाक्य थोरल्या बाईंच्या दिवाणखान्यात सुरू होतं आणि धाकट्या बाईंच्या स्वयंपाकघरात संपतं. मध्ये रस्ता ओलांडायचा.

७ जून
थोरल्या बाई : "माझं नाव तिच्या नावाशेजारी आलं, तर सही विसर."
धाकट्या बाई : "तिचं नाव आधी? मग नकोच."
एका गोष्टीवर दोघींचं एकमत आहे — माझी पीएचडी होऊ द्यायची नाही.

८ जून
सरांची युक्ती : नावंच नकोत, नुसतं 'खासगी संग्रह' लिही. दोघींना दाखवलं. दोघीही खवळल्या. "आम्हाला काय नावं नाहीत?"

११ जून
आज थोरल्या बाईंकडचं पान उतरवलं, मागची बाजू. "रुसलेला घोडा चाबकाने वळत नाही, चाऱ्यानेही नाही. धन्याने त्याच्याजवळ जाऊन —" पान संपलं! बाईंनी चष्मा सरसावला. "जाऊन काय?" म्हटलं, पुढचं पान समोरच्या घरात. "राहू दे तिकडेच!" मी जिना उतरते तोच वरून हाक — "कळलं तर सांग हं!"

१२ जून
कळलं. थोरल्या बाईंना वाचून दाखवलं : "— नुसतं उभं राहावं. बोलू नये. त्याला वेळ द्यावा." खालची तळटीपही वाचली, धाकटीच्या नावासकट. बाई माझ्यावरच डाफरल्या, "चहा निवला की तुझा!" मला फार वाईट वाटलं. इतकी वर्षं घरात अर्धंच वाक्य!

१५ जून
प्रकरण द्यायची तारीख परवावर आली. सही नाही. सरांचा फोन घेतला नाही.

१६ जून
सह्यांसाठी निघाले होते. धाकट्या बाईंच्या स्वयंपाकघराच्या दारात थोरल्या बाई उभ्या. एक शब्द नाही. आत धाकट्या बाई पाठमोऱ्या, केव्हाच्या एकच भांडं घासत होत्या. दार मात्र लावलं नव्हतं. मी रस्त्यावरूनच परत फिरले.