मेथीच्या काडीचं पिंप

नेकनूर, ता. जि. बीड
५ डिसेंबर १९९६

तीर्थस्वरूप आत्यांना रुद्राणीचे शरणार्थ.

तुमचं कार्ड पोचलं. थंडीने मामांचा गुडघा पुन्हा धरला हे वाचून वाईट वाटलं. आई म्हणते, तीळतेलात लसूण तळून ते तेल कोमट चोळावं. अण्णा म्हणतात, चोळू नये, नुसतं शेकावं. (माझ्या मते डॉक्टरांना दाखवावं, पण माझं मत दोघांनीही विचारलं नाही.) इकडे सगळे बरे आहेत. म्हैस गाभण आहे. गल्लीत केबल आल्यापासून संध्याकाळी मालिका लागली की दुकानात गिऱ्हाईक फिरकत नाही, त्यामुळे अण्णा सगळ्याच सरकारांवर नाराज आहेत.

मी बी.ए. झाले म्हणून तुम्ही साडीसाठी पैसे पाठवलेत आणि कोणत्या रंगाची घेतली ते कळव म्हणून लिहिलंत. आत्या, एक हिरवं घेतलं आणि एक लाल. दोन्ही झाकणाची आहेत. बीडहून एस.टी.च्या टपावर टाकून आणली, आणि कंडक्टरने दोघांचं मिळून अर्धं तिकीट मागितलं. म्हणजे ती प्लॅस्टिकची पिंपं आहेत, कचऱ्याची. (कृपा करून इथेच पत्र खाली ठेवू नका, पुढे सगळं सांगते.)

झालं असं, की कॉलेजच्या राष्ट्रीय सेवा योजनेच्या शिबिरात औरंगाबादच्या एका बाईंचं भाषण झालं. घरातला कचरा उकिरड्यावर भिरकावणं म्हणजे आपली अडचण दुसऱ्याच्या दारात लोटणं, असं त्या म्हणाल्या. कचरा घरातच झाकून ठेवावा, ओला वेगळा, सुका वेगळा. ओल्याचं खत करावं, सुका पुन्हा कामाला लावावा. मला ते इतकं पटलं की त्या दिवशी जेवताना ताटातला मिरचीचा देठ कुठे ठेवावा तेसुद्धा सुचेना. त्याच बाईंच्या संस्थेत ग्रामीण स्वच्छतेचं सहा महिन्यांचं शिक्षण मिळतं, जानेवारीपासून. मुलींच्या राहण्याची सोय आहे. मला तिथे जायचं आहे, आत्या. आजवर मी काही मागितलं असेल तर ते वह्या आणि पेन. हे पहिलंच मोठं मागणं. अण्णांना सांगितलं तेव्हा ते साखर तोलत होते. तागडी खाली ठेवून म्हणाले, "गावोगावचा कचरा आवरायच्या आदी सवताच्या घरातला आवरून दाव. कार्तिकी पुनवेपस्तोर. तुजी पिंपं चालली तर बोलू." आई आतून म्हणाली, "येवढं शिकवलं ते कचरा उचलाया व्हय?" अण्णांची अट मला फार न्याय्य वाटली. तेव्हा मला आपल्या घराची नीट माहिती नव्हती.

पिंपं दुकानाच्या पायरीशेजारी ठेवली. (परसात ठेवली असती तर आदर्श कुणी घ्यायचा?) सगळ्यांना वाचता येत नाही, म्हणून त्यांच्यावर चित्रं काढायचं ठरवलं. लाल पिंपावर सुक्या कचऱ्याची खूण म्हणून कागदाचा बोळा काढला, तो फुलकोबीसारखा आला. हिरव्यावर भाजीच्या टाकाऊ भागाची खूण म्हणून मेथीची काडी काढली, पांढऱ्या रंगात, चांगली ठसठशीत, देठाला तीन पानं. अण्णा म्हणाले, छान आहे. पान कशाचं आहे ते त्यांनी विचारलं नाही.

आणि मग मी कचऱ्याची वाट पाहू लागले. तुम्ही याच घरात वाढलात, तुम्हाला ठाऊक असेल. मला मात्र पदवी मिळेपर्यंत कळलं नव्हतं की आपल्या घरात कचरा होतच नाही. भाजीचे देठ म्हशीला. केळीची सालं चाँदभाईच्या शेळीला. (चाँदभाई म्हणजे हातगाडीवर भंगार घेणारा. त्याची शेळी रोज सकाळी पायरीशी येऊन आठवण करून देते.) चहाचा चोथा जास्वंदीला, राख भांड्यांना, करवंटी चुलीत, जुन्या वर्तमानपत्राच्या पुड्या दुकानात. फाटक्या लुगड्याची वाकळ, फाटक्या वाकळेचं पायपुसणं, आणि पायपुसणंही फाटलं की आई ते धुऊन, वाळवून, घडी घालून ठेवते; कशासाठी ते तिलाही माहीत नाही. एकदा ती दोडके सोलत होती. मी शेजारी जाऊन बसले आणि अगदी नम्रपणे म्हटलं, आई, या शिरा तरी टाक. तिने माझ्याकडे असं पाहिलं, की जणू मी तिला पाटल्या भंगारात द्यायला सांगितल्या. "शिरांची चटणी करतेत, बाई. कालिजात शिकवली न्हाई वाटतं?" ती चटणी मी दोन दिवस खाल्ली. मला लाज वाटते ती याची, की मी, जी उद्या गावोगाव स्वच्छतेबद्दल बोलणार, ती रोज देवापुढे हात जोडून मनात म्हणायला लागले, की या घरात थोडं तरी काही नासू दे.

लाल पिंपाचं मात्र वेगळं झालं. चाँदभाई कागद, पत्रा, काच, फुटका मग सगळं नेतो, पण शाम्पूचे आणि गुटख्याचे पाऊच नेत नाही. "बेटा, इसका मै क्या करूं? इसकू कोई पूछता नई." आपल्याच दुकानाच्या दाराला आता त्यांच्या माळा टांगलेल्या असतात. गिऱ्हाईक तिथेच फाडतं आणि तिथेच टाकतं. मी शाळेत होते तेव्हा हे काही नव्हतं. म्हैस ते खात नाही, शेळी खात नाही (तिने प्रयत्न केला), आणि आईलासुद्धा त्याचं काही करता येत नाही. आईला जिचं काही करता येत नाही अशी वस्तू मी आयुष्यात पहिल्यांदाच पाहिली. मी रोज पायरीवरचे पाऊच वेचून लाल पिंपात टाकत होते आणि ते भरत आलं होतं. पण अण्णांच्या लेखी तो घरातला कचरा नव्हता, गिऱ्हाइकाचा होता. परीक्षा होती ती हिरव्या पिंपाची, आणि ते कोरडं ठणठणीत.

दिवाळी झाली, पुनव जवळ आली, आणि एका सकाळी झाडताना हिरवं पिंप सरकवायला गेले तर ते जड लागलं! मी झाकण उघडलं नाही. (सारखं उघडलं तर माश्या येतात, असं शिबिरात सांगितलं होतं, आणि आनंदाच्या भरात नियम मोडणं मला बरं वाटत नाही.) दुसऱ्या सकाळी आणखी जड, तिसऱ्या सकाळी आणखी. मला वाटलं, आईचं मन वळलं. आईला वाटलं (हे नंतर कळलं), मी शेजाऱ्यांचा कचरा आणून भरते आहे, आणि तिने दोन घरांशी बोलणं सोडलं. अण्णा येता-जाता पिंपाला पायाने हळूच ढोसून पाहत होते.

पुनवेच्या आदल्या दिवशी तेच म्हणाले, चल, रिकामं करू. परसात मी खताचा खड्डा खणून ठेवला होता. एका बाजूने अण्णा, एका बाजूने मी, असं पिंप उचलून खड्ड्याशी नेलं. "वजन हाय बरं का," अण्णा म्हणाले, आणि त्या वाक्यात मला औरंगाबादच्या गाडीत बसल्यासारखं वाटलं. मग झाकण काढलं. आत ज्वारी होती. तिच्यावर थोडे गहू, तूरडाळीच्या पुड्या (आपल्याच दुकानातल्या, अण्णांनी दोरा ओळखला), गुळाची ढेप आणि एक नारळ.

पुनवेला कपिलधारच्या यात्रेला येणाऱ्यांच्या पंगतीसाठी गावातून शिधा जमवतात, ते तुम्हाला माहीतच आहे. त्याचं पिंप दरवर्षी वरच्या गल्लीतल्या चंद्रभागाबाईंच्या ओट्यावर असतं. (त्याच चंद्रभागाबाई, ज्यांच्यापुढे अण्णाही आवाज खाली घेतात.) यंदा त्यांचा ओटा फरशी बसवण्यासाठी उकरलेला होता, पिंप कुठे दिसेना. आणि इकडे बाजारात आमच्या पायरीशी एक नवं कोरं, झाकणाचं, हिरवंगार पिंप, त्याच्यावर पांढऱ्या रंगात ठसठशीत तीन पानं. पहाटे देवळात जाणाऱ्या एकेका बाईने ओंजळ-ओंजळ घातली. मेथीला तीन पानं असतात, आत्या. बेलालाही तीनच असतात. आपली सगळी गल्ली महादेवाची भक्त, ते पाहता हे मला आधी सुचायला हवं होतं.

आम्ही दोघं त्या ज्वारीकडे पाहत असतानाच चंद्रभागाबाई चार बायका घेऊन परसात आल्या. "वैजिनाथ, यंदा लई चांगलं केलंव. पिंप बी झ्याक आनलंव. आन् ह्यो खड्डा कावून?"

अण्णा माझ्याकडे पाहू लागले. मी गप्प बसले असते तर निभावून गेलं असतं, हे मला त्या क्षणीही कळत होतं. पण माणसं ते अन्न देवाच्या दारी जेवणार होती. मी म्हटलं, बाई, हे शिध्याचं पिंप नाही, कचऱ्याचं आहे. "म्हंजी," चंद्रभागाबाई सावकाश म्हणाल्या, "आमी देवाचा शिधा कचऱ्यात घातला?"

आता शिधा वाचवणारी एकच गोष्ट होती, ती म्हणजे या पिंपात आजवर कचरा पडलेलाच नाही. आणि माझं औरंगाबाद बुडवणारीही तीच गोष्ट होती. अण्णा समोर उभे. मी सांगून टाकलं: बाई, मी विकत आणल्यापासून यात एक सालसुद्धा पडलं नाही. "कशावरून?" त्या म्हणाल्या. मागच्या दाराशी चाँदभाई शेळी शोधत आला होता, तो पुढे झाला. "मै गवाह है ना, बाई. रोज आते-जाते झाकन उठाके देखता था, कुच मिलेगा करके. खुदा कसम, एक छिलका नई. बाद में जवारी दिखी तो चुपचाप झाकन लगा दिया. देव का माल है बोले." आई दारातून म्हणाली, "कचरा? माज्या घरात? माज्या घरात कचरा यील कुटून?" हे तिने इतक्या ताठ मानेने सांगितलं, की ती माझ्या बाजूने बोलते आहे की विरुद्ध, ते कुणालाच कळलं नाही.

चंद्रभागाबाईंनी दाणा तळहातावर चोळला, वास घेतला, बटव्यातली विभूती काढून पिंपाला लावली. "पान कशाचं म्हणलीस?" मेथीचं, मी म्हटलं. "मेथी बगून कुनी ज्वारी घातली आसती व्हय? लोकांनी बेल म्हणून घातली, मंग बेलच हाय ते." आणि पिंपासकट शिधा टेम्पोत चढला.

पुनवेला मीही कपिलधारला गेले. पंगती उठल्या आणि पाहते तर पत्रावळी, द्रोण, पाऊच, धबधब्याच्या वाटेपर्यंत नुसता कचरा! इतके दिवस ज्याच्यासाठी देवाला साकडं घातलं तो सगळा तिथे पडला होता. माझं पिंपही रिकामं झालं होतं. मी ते ओढत पंगतीच्या टोकाला नेलं आणि पहिली पत्रावळ टाकणार, तोच मागून आवाज आला: "ये पोरी! शिध्याच्या पिंपात उष्टं?" तेव्हा हिरवं पिंप आता कचऱ्याच्या कामाचं राहिलं नाही, पुढच्या पुनवेसाठी ते चंद्रभागाबाईंच्या माडीवर पालथं घातलेलं आहे. मी मग रिकामी पोती मागून घेतली आणि पाऊच वेचायला लागले. थोड्या वेळाने बाईंच्या दोन सुना येऊन वेचू लागल्या. परतताना बाईंनी टेम्पोत पोत्यांना जागा करून दिली, पण नाकाला पदर लावून.

ती पोती आता लाल पिंपाशेजारी उभी आहेत. त्यांचं काय करायचं ते आईला माहीत नाही, चाँदभाईला माहीत नाही आणि मलाही माहीत नाही. तेच शिकायला मला जायचं आहे. अण्णा म्हणतात, "एक पिंप देवाला गेलं, एक भरून वतू चाललंय. पास म्हणावं का नापास, मला कळंना. आक्काला इचार."

म्हणून हे विचारते आहे. मामांना नमस्कार.

तुमची,
रुद्राणी

ता. क. पत्र मोठं झालं म्हणून थोडक्यात: 'पास' एवढंच लिहिलंत तरी चालेल. पण डिसेंबर संपायच्या आत.

ता. क. २. पाकिटावर पत्ता घालत होते तेव्हा अण्णांनी गोदामात बोलावून हळूच सांगितलं, "आक्काला म्हणावं, 'पास' येवढ्यानं भागायचं न्हाई. कडक लिव्ह. 'पोरीला पाटवलीच पायजे' आसं. म्हंजी तुज्या आईला दावता यील, माजा इलाज न्हवता म्हणून."

ता. क. ३. पाकीट चिकटवायला आईकडे खळ मागायला गेले, तर तिने स्वयंपाकघराचं दार लोटून घेतलं. "वन्संला लिव्ह, भावाला चांगलं खडसावा म्हणावं. पोरगी जायला पायजे. माजं नाव नगं घालू, तुजा बाप म्हणंल मीच फूस लावली." तेव्हा आत्या, पत्रं दोन पाठवा. एक अण्णांना, रागाचं. दुसरं आईच्या नावे, त्याहून रागाचं. ते तिला मीच वाचून दाखवणार, तुमचा राग कमी पडला तर माझ्या पदरचा घालीन. फक्त दोघांना एकमेकांचं कळू देऊ नका. एकमेकांच्या मर्जीविरुद्ध मला पाठवायला ते आत्ता अगदी तयार आहेत. दोघांचं मत एकच आहे असं कळलं, तर कुणाचं आधी ठरलं यावर वाद घालण्यात जानेवारी निघून जाईल.